सर्व्हर फॉल्टवर पहिला प्रश्न विचारताना

रात्री पॅच टाकला आणि सकाळी सर्व्हिस उठत नाही. व्हेंडरचं एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) मार्चमध्येच संपलंय आणि सर्व्हर बघणारे ऑफिसात तुम्ही एकटेच. नागरी सहकारी बँक, साखर कारखाना, इंजिनिअरिंग कॉलेज, मध्यम आकाराचं हॉस्पिटल, अशा कितीतरी ठिकाणी आयटी विभाग म्हणजे एक-दोन माणसं. मोठ्या कंपनीत पलीकडच्या डेस्कवर विचारायला कोणीतरी असतं, इथे नसतं. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर स्क्रीनचा फोटो पडतो, 'रिस्टार्ट मारून बघ' असं उत्तर येतं आणि दोन दिवसांत ती सगळी चर्चा वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडली जाते. पुढच्या वर्षी तीच अडचण दुसऱ्या कुणाला आली, की पुन्हा पहिल्यापासून शोधाशोध.

सर्व्हर फॉल्ट ही प्रश्नोत्तरांची साइट अशाच कामासाठी आहे. जोएल स्पोल्स्की आणि जेफ ॲटवूड यांनी २००८ मध्ये प्रोग्रॅमरांसाठी स्टॅक ओव्हरफ्लो सुरू केली, तेव्हा या क्षेत्रात एक्स्पर्ट्स एक्स्चेंज ही १९९६ पासूनची साइट नावाजलेली होती. पण गूगलमध्ये तिचं पान सापडलं तरी उत्तर वाचायला पैसे मागितले जायचे, आणि लोक त्याला वैतागले होते. स्टॅक ओव्हरफ्लोवर सगळं फुकट आणि उघडं ठेवलं गेलं. २००९ मध्ये त्याच धर्तीवर सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळणाऱ्यांसाठी सर्व्हर फॉल्ट आली. वाचायला खातं लागत नाही, विचारायला पैसे लागत नाहीत.

उत्तरं देणारेही पगारी नसतात. आपापली नोकरी सांभाळून, मधल्या वेळात ते लिहितात. तुमची स्क्रीन त्यांना दिसत नाही, तुमचा सर्व्हर त्यांनी कधी पाहिलेला नाही आणि पाच मिनिटांत त्यांना ठरवायचं असतं की या प्रश्नावर वेळ घालवावा की पुढे जावं. तुमच्या लिखाणातून तुमचा सर्व्हर त्यांना किती स्पष्ट दिसतो, यावर जवळपास सगळं अवलंबून असतं. तुमचा अनुभव किती वर्षांचा, सर्टिफिकेट कुठलं, याची तिथे कुणी चौकशी करत नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. तालुक्याच्या गावात एकट्याने सर्व्हर रूम सांभाळणाऱ्या मुलाला तिथे जगातल्या कुठल्याही डेटा सेंटरमधल्या माणसाइतकंच ऐकून घेतलं जातं, फक्त त्याने प्रश्न नीट मांडलेला हवा.

आधी दार बरोबर आहे ना, ते बघा

स्टॅक ओव्हरफ्लो आणि सर्व्हर फॉल्ट ज्या जाळ्यात येतात त्या स्टॅक एक्स्चेंजच्या एकाच छत्राखाली बऱ्याच साइट आहेत, आणि नवख्यांचे कितीतरी प्रश्न चुकीच्या साइटवर टाकल्यामुळे बंद होतात. सर्व्हर फॉल्ट फक्त व्यवसायाच्या ठिकाणच्या यंत्रणांसाठी आहे: कंपनीचा मेल सर्व्हर, ॲक्टिव्ह डिरेक्टरी, फायरवॉल, व्हर्च्युअल मशिन, बॅकअप, लोड बॅलन्सर. घरचं राउटर, स्वतःचा लॅपटॉप, विंडोज हळू चालतंय, असं काही असेल तर सुपर युजर. कोड लिहिताना अडलात तर स्टॅक ओव्हरफ्लो. क्वेरी हळू चालते, इंडेक्स कुठला लावू, असा प्रश्न असेल तर डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर्स. घरी जुन्या मशिनवर लिनक्स शिकत असाल तर युनिक्स अँड लिनक्स, आणि उबंटू असेल तर आस्क उबंटू.

होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलबद्दलचे प्रश्न सर्व्हर फॉल्टवर चालत नाहीत. आपल्याकडे लहान वेबसाइटचं काम करणाऱ्या बऱ्याच जणांचा सगळा कारभार सीपॅनेलमधूनच चालतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो. तसंच 'कुठला सर्व्हर घेऊ', 'कुठलं बॅकअप सॉफ्टवेअर चांगलं' हेही चालत नाही. अशा प्रश्नांना खात्रीचं एक उत्तर नसतं आणि जे असतं ते वर्षभरात शिळं होतं.

भाषा इंग्रजीच लागते. स्टॅक ओव्हरफ्लोच्या पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत वेगळ्या साइट आहेत, भारतीय भाषेत एकही नाही. पण इंग्रजी बेताचं आहे म्हणून मागे राहू नका. लहान लहान वाक्यं लिहा. कमांड आणि तिचं आउटपुट ही सगळ्यांची समाईक भाषा असते आणि चांगल्या प्रश्नाचा अर्धा भाग तोच असतो. व्याकरण चुकलं तर दुसरं कोणीतरी येऊन दुरुस्त करतं, तिथे ती रीतच आहे. सुरुवातीचं 'डिअर सर' आणि शेवटचं 'थँक्स इन ॲडव्हान्स'ही बरेचदा काढून टाकलं जातं. त्यात अपमान वाटून घेऊ नका, कारण हे पान पुढेही लोक वाचणार असतात आणि त्यावर फक्त कामाचा मजकूर राहावा अशी अपेक्षा असते.

विचारण्याआधी शोधा, पण शोधायचं कसं?

'आधी गूगल कर' असं सांगणं सोपं आहे. कसं करायचं ते कोणी सांगत नाही. एररचा मजकूर जशाच्या तसा उचला, पण त्यातलं फक्त तुमच्या सर्व्हरचं जे आहे ते काढा: होस्टनेम, आयपी, प्रोसेसचा नंबर, तारीख-वेळ. उरलेला मजकूर अवतरणचिन्हांत घालून शोधा. साइटच्या स्वतःच्या शोधपेटीत टॅगचं (प्रश्नाला लावलेल्या विषयाच्या लेबलचं) नाव चौकोनी कंसात टाकलं की शोध तेवढ्या विषयापुरता मर्यादित होतो.

काही प्रश्न इतक्या वेळा विचारले गेलेत की त्यांची एक-एक सविस्तर पानं तिथे कायमची मांडून ठेवली आहेत. आयपीव्ही४ चं सबनेटिंग (नेटवर्कचे लहान भाग पाडणं) कसं चालतं, हॅक झालेल्या सर्व्हरचं काय करायचं, सर्व्हरची क्षमता कशी ठरवायची, अशी ही पानं. सबनेटिंगचं पान तर नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात वाचून काढण्यासारखं आहे. सर्व्हर हॅक झाल्याची शंका असेल तर नवा प्रश्न लिहीत बसू नका, ते पान उघडा. मशिन नेटवर्कपासून तोडा, त्यावरच्या कशावरही विश्वास ठेवू नका, शिरकाव कसा झाला ते शोधा आणि खात्रीच्या बॅकअपवरून नव्याने उभारा, हा तिथल्या सल्ल्याचा गाभा. 'व्हायरस काढून टाकला, आता ठीक आहे' याला तिथे कोणी मान्यता देणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

सापडलेलं उत्तर वापरण्याआधी त्याची तारीख बघा. २०१० चं उत्तर तेव्हा बरोबर असलं तरी त्यानंतर बहुतेक लिनक्सवर सर्व्हिस सांभाळणारं सिस्टिमडी आलं, सर्व्हिस चालू-बंद करायच्या कमांड बदलल्या, लॉग ठेवायची जागा बदलली. सेंटओएस ७ या लिनक्सचा सपोर्टसुद्धा ३० जून २०२४ ला संपला, पण त्यावरची उत्तरं अजून पहिल्या पानावर येतात. उत्तराखालच्या कॉमेंटही वाचा, कारण 'नव्या व्हर्जनमध्ये हे चालत नाही' हे बहुधा तिथेच लिहिलेलं असतं. आणि फोल्डरला ७७७ परमिशन (सगळ्यांना सगळी मुभा) द्या किंवा एसईलिनक्स (लिनक्सचं सुरक्षा-कवच) बंद करा, एवढंच सांगणारं उत्तर दिसलं तर पुढे जा. त्याने एरर जाते, पण सर्व्हर उघडा पडतो.

आता प्रश्न लिहू

एक उदाहरण घेऊन बघू. असा प्रश्न रोज कुठे ना कुठे पडतो:

'आमचा सर्व्हर चालत नाहीये. डिस्क फुल असा एरर येतोय पण डिस्क फुल नाही. सगळं करून बघितलं. प्रॉडक्शन सर्व्हर आहे, अर्जंट आहे, प्लीज मदत करा.'

लिहिणारा खरंच अडचणीत आहे, त्याच्यावर वरून दबाव आहे. तरी या चार ओळींवरून कोणीही काहीही सांगू शकत नाही. कुठली ऑपरेटिंग सिस्टिम? एरर कोण देतंय? डिस्क फुल नाही हे कशावरून? 'सगळं' म्हणजे काय काय? आता तोच प्रश्न असा:

'उबंटू २२.०४ वर डिस्कमध्ये जागा असूनही पीएचपीला सेशन फाइल लिहिताना नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' हे शीर्षक. खाली मजकूर: उबंटू २२.०४, एनजिनएक्स १.१८, पीएचपी-एफपीएम ८.१. ८० जीबीचं एकच पार्टिशन, फाइलसिस्टिम ईएक्सटी४. आज भारतीय वेळेनुसार सकाळी ९:४० पासून वेब ॲपमध्ये कुणालाच लॉगिन होत नाही. साधी पानं मात्र उघडतात. पीएचपीच्या लॉगमधली ओळ ही अशी. डिस्कचा वापर दाखवणारी डीएफ कमांड एच पर्यायासह चालवली, तिचं आउटपुट हे असं, त्यात ५८ टक्के वापर दिसतो. एनजिनएक्स आणि पीएचपी दोन्ही रिस्टार्ट केले, फरक नाही. जुने लॉग काढून २ जीबी मोकळे केले, थोडा वेळ चाललं, दहा मिनिटांत पुन्हा तेच. फोल्डरची परमिशन तपासली, ती अशी आहे. काल काहीही बदल केलेला नाही.

शेवटून तिसरं वाक्य बघा. २ जीबी मोकळे करूनही दहा मिनिटांत पुन्हा तेच. अनुभवी माणूस तिथे थांबतो, कारण एवढ्यावरून त्याला कळतं की अडचण जागेची नाही. लिनक्सच्या फाइलसिस्टिममध्ये प्रत्येक फाइलसाठी एक इनोड, म्हणजे तिच्या नोंदीची एक जागा, लागतो, आणि ईएक्सटी४ मध्ये इनोड किती असणार हे डिस्क फॉरमॅट करतानाच ठरतं. नेहमीच्या सेटिंगला दर १६ केबीमागे एक, म्हणजे ८० जीबीला साधारण ५२ लाख. एवढ्या फाइली झाल्या की जीबी कितीही शिल्लक असोत, नवी फाइल बनत नाही. थोडेसे मोठे लॉग पुसल्यावर मोजके इनोड मोकळे झाले आणि ते दहा मिनिटांत संपले.

तेव्हा पहिलीच कॉमेंट येईल: डीएफला एचऐवजी आय लावून चालवा, म्हणजे जागेऐवजी इनोड मोजले जातील. तिथे १०० टक्के दिसेल. मग डीयू कमांडने फोल्डरनिहाय इनोड मोजायचे, आणि निघेल असं की ॲपमध्ये कुणीतरी सेशन (लॉगिन झालेल्यांच्या तात्पुरत्या नोंदी) ठेवायचं फोल्डर बदललं होतं. उबंटूमध्ये जुनी सेशन साफ करणारा टायमर पीएचपीच्या सेटिंगमधलं फोल्डर बघतो, ॲपने आतल्या आत बदललेलं त्याला माहीत नसतं. दीड-दोन वर्षं एक-एक केबीच्या फाइली साचत गेल्या आणि आज कोटा संपला. 'काल काहीही बदल केलेला नाही' हे वाक्यसुद्धा इथे उपयोगी पडलं, कारण त्यामुळे हळूहळू साचणाऱ्या कारणाकडे लक्ष गेलं. साफ करतानाही फाइली पुसणाऱ्या आरएम कमांडला तारा (*) लावून चालणार नाही, यादी फार लांब असल्याची एरर येईल. फाइंड कमांडच्या डिलीट पर्यायाने जुन्या फाइली काढाव्या लागतील.

पहिल्या प्रश्नातला माणूस आणि दुसऱ्यातला, दोघांनाही इनोड ठाऊक नव्हते. दुसऱ्याने फक्त जे दिसलं आणि जे केलं ते क्रमाने लिहिलं.

लिहिताना आणखी काही गोष्टी सांभाळा. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो टाकू नका. आउटपुट मजकूर म्हणून चिकटवा आणि त्याच्या वर-खाली तीन-तीन बॅकटिक (`) द्या, म्हणजे ओळी जशाच्या तशा राहतात. फोटोतला मजकूर शोधात सापडत नाही, कॉपी करून तपासताही येत नाही. लॉग देताना एररच्या आधीच्या पाच-दहा ओळीही द्या, कारण खरं कारण बहुधा वरच असतं. वेळ लिहिताना ती कुठली तेही सांगा. बरेच सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतात. तुम्ही अकरा वाजता म्हणाल आणि लॉग साडेपाच दाखवेल, मग समोरचा चुकीच्या ओळी चाळत बसेल. टॅग पाचपर्यंत देता येतात. त्यातला एक ऑपरेटिंग सिस्टिमचा आणि एक सॉफ्टवेअरचा असला तरी बहुधा पुरतो. टॅग बघूनच जाणकार प्रश्नापर्यंत येतात, त्यामुळे टॅग चुकला तर चांगला प्रश्नही पडून राहतो.

तुम्हाला खरं काय साधायचंय, तेही लिहा. कोणी विचारतं, 'पोर्ट ८० वरचं ट्रॅफिक आयपीटेबल्सने ८०८० वर कसं वळवू?' खरी गरज असते टॉमकॅट (जावा ॲप चालवणारा सर्व्हर) रूटशिवाय, म्हणजे सर्वाधिकारी खातं न वापरता, चालवून साइट नेहमीच्या पोर्टवर दाखवायची, कारण लिनक्सवर १०२४ च्या खालची पोर्ट साध्या युजरला उघडता येत नाहीत. हे लिहिलं असतं तर कोणीतरी टॉमकॅटच्या पुढे एनजिनएक्स लावायला सांगितलं असतं आणि एचटीटीपीएसच्या सर्टिफिकेटचंही काम त्याच ठिकाणी झालं असतं. निम्म्या वाटेत सुचलेल्या उपायाबद्दलच विचारलं तर उत्तरही निम्म्या वाटेचंच मिळतं.

काय झाकायचं आणि कसं

या भागात घाई करू नका, विशेषतः बँकेत किंवा हॉस्पिटलमध्ये काम करत असाल तर. एकदा टाकलेला मजकूर सगळ्या जगाला दिसतो. नंतर एडिट करून काढला तरी जुनी आवृत्ती एडिटच्या इतिहासात कुणालाही वाचता येते. प्रश्नाला मतं मिळालेलं उत्तर आलं असेल तर तुमचा प्रश्न तुम्हाला पुसताही येत नाही. तुमचं लिखाण क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली जातं, म्हणजे श्रेय देऊन कोणीही ते दुसरीकडे वापरू शकतं.

म्हणून पासवर्ड, एपीआय की, प्रायव्हेट की, ग्राहकाचं नाव, खातेदाराचा डेटा, कंपनीचं डोमेन, पब्लिक आयपी, हे सगळं टाकण्याआधी काढा. कॉन्फिग फाइल चिकटवत असाल तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, डेटाबेसचा पासवर्ड बरेचदा तळाशीच असतो. तरीही चुकून गेलाच, तर आधी पासवर्ड बदला, मग प्रश्न एडिट करा आणि फ्लॅग लावून मॉडरेटरला ती जुनी आवृत्ती इतिहासातून काढायला सांगा. हा क्रम उलटा होऊ देऊ नका.

झाकायचीही एक रीत आहे. सगळ्या आयपींच्या जागी नुसत्या फुल्या मारल्या तर कुठला पत्ता कुणाचा तेच कळेनासं होतं, आणि नेटवर्कच्या प्रश्नात तेच तर बघायचं असतं. त्यासाठी खास राखून ठेवलेले पत्ते आहेत. २०१० च्या आरएफसी ५७३७ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे दस्तऐवज) उदाहरणांसाठी तीन गट बाजूला काढले: १९२.०.२, १९८.५१.१०० आणि २०३.०.११३ ने सुरू होणारे. इंटरनेटवर ते कुणालाच दिले जात नाहीत. तुमच्या वेब सर्व्हरला यातला एक पत्ता द्या, मेल सर्व्हरला दुसरा, आणि पूर्ण प्रश्नात, लॉगमध्ये, कॉन्फिगमध्ये तेच वापरा. डोमेनसाठी एक्झाम्पल डॉट कॉम आहे, तेही १९९९ च्या आरएफसी २६०६ ने यासाठीच राखून ठेवलंय. १० किंवा १९२.१६८ ने सुरू होणारे आतले पत्ते तसेच ठेवले तरी सहसा बिघडत नाही. पण तुमच्या ऑफिसचं धोरण तेही देऊ नका म्हणत असेल तर ते पाळा, आणि विचारायची परवानगी आहे का हे वरिष्ठांना एकदा विचारून घ्या.

खातं आणि गुण

खातं उघडताना खरं नाव द्यायची सक्ती नाही. सुरुवात १ गुणाने होते. तुमच्या प्रश्नाला किंवा उत्तराला कुणी वर मत दिलं की १० गुण, तुमचं उत्तर विचारणाऱ्याने स्वीकारलं की १५, खाली मत पडलं तर दोन कमी. १५ गुण झाले की तुम्हाला वर मत देता येतं, ५० झाले की कुठेही कॉमेंट करता येते. स्वतःच्या प्रश्नाखाली मात्र पहिल्या दिवसापासून करता येते.

या ५० च्या अटीमुळे नवखे एका ठिकाणी हमखास अडकतात. दुसऱ्याच्या प्रश्नावर 'मलाही हेच होतंय, तुम्हाला उपाय मिळाला का?' असं विचारायचं असतं, कॉमेंट करता येत नाही, म्हणून ते उत्तराच्या पेटीत लिहितात. ते काढून टाकलं जातं. त्यापेक्षा स्वतःचा प्रश्न लिहा, त्यात त्या जुन्या पानाची लिंक द्या आणि तुमच्याकडे काय वेगळं आहे ते सांगा.

प्रश्न टाकल्यावर

टाकून लगेच उठून जाऊ नका. पहिल्या तासाभरात कॉमेंटमध्ये माहिती मागितली जाते आणि तेव्हा उत्तर मिळालं नाही तर ती मागणारा पुन्हा फिरकेलच असं नाही. मागितलेली माहिती कॉमेंटमध्ये चिकटवण्यापेक्षा प्रश्न एडिट करून त्यात घाला, म्हणजे नंतर येणाऱ्याला सगळं एका जागी मिळतं. वाचणारे बरेच जण युरोप-अमेरिकेत असतात. आपल्या सकाळी दहा वाजता तिथे पहाट किंवा मध्यरात्र असते. जमत असेल तर दुपारनंतर विचारा आणि संध्याकाळी पुन्हा बघा. यंत्रणा पूर्ण बंद पडली असेल तर मात्र या साइटच्या भरवशावर बसू नका. तिथे तास-दोन तासांत उत्तर देण्याची हमी कुणी घेतलेली नाही. व्हेंडरला फोन लावा, बॅकअप उभा करा, आणि कारण शोधायला नंतर इथे या.

खाली मतं पडली किंवा प्रश्न बंद झाला तर मनाला लागतं. पहिल्याच प्रश्नाला असं झाल्यावर कायमचे निघून गेलेले चांगले इंजिनिअर मी पाहिलेत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. तिथल्या काही लोकांचं बोलणं तुटक असतं, हे खरं आहे. पण बंद म्हणजे पुसलेला नव्हे. बंद होताना कारण दिलेलं असतं: माहिती अपुरी, एका वेळी अनेक प्रश्न, मतांवर आधारलेला, या साइटचा विषय नाही, किंवा आधीच विचारलेला. पहिल्या दोन्हींवर उपाय सोपा असतो. त्या कारणाला धरून प्रश्न एडिट करा, तो पुन्हा उघडायचा की नाही यासाठी तपासणीच्या रांगेत जातो. तोच प्रश्न नव्याने टाकू नका. 'आधीच विचारलेला' असं आलं तर दिलेलं जुनं पान पूर्ण वाचा. उत्तर तिथे असेल तर तुमचं काम झालं. नसेल तर 'त्या उपायाने माझ्याकडे हे झालं' असं आउटपुटसकट लिहा.

दोन दिवस झाले आणि काहीच आलं नाही, तर बाउंटी लावता येते, म्हणजे स्वतःच्या गुणांतले किमान ५० त्या प्रश्नावर सात दिवसांसाठी बक्षीस म्हणून ठेवायचे. त्यासाठी आधी ७५ गुण गाठावे लागतात, त्यामुळे नवख्याला हा मार्ग थोडा उशिराच खुला होतो. तोवर प्रश्नात नवी माहिती घालत राहणं हाच खरा उपाय. एडिट झाला की प्रश्न पुन्हा यादीत वर येतो. नुसता वर यावा म्हणून स्वल्पविराम बदलू नका, लोकांच्या ते लक्षात येतं.

उत्तर मिळालं, उपाय चालला, की त्या उत्तराशेजारची बरोबरची खूण हिरवी करा. आभार मानायची तिथली रीत हीच. आणि तुमचं तुम्हीच कारण शोधून काढलंत तर स्वतःच्या प्रश्नाखाली स्वतःच उत्तर लिहा. ते चालतंच, उलट हवंच असतं. दोन दिवसांनी ते स्वीकारताही येतं. 'झालं, प्रश्न सुटला' एवढंच लिहून निघून गेलेल्यांची पानं शोधात सापडली की किती चरफड होते, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. इनोडच्या उदाहरणात काय तपासलं, कुठलं फोल्डर निघालं, काय साफ केलं आणि पुन्हा होऊ नये म्हणून टायमर कसा लावला, हे चार परिच्छेदांत लिहायला वीस मिनिटं लागतात.

पहिलं उत्तर

लोक वर्षानुवर्षं फक्त वाचत राहतात, कारण 'आपल्याला कुठे एवढं येतं' असं वाटत राहतं. पण प्रश्न बहुधा साधे असतात, आणि रोज तेच काम करणाऱ्याला सहज येतात. तुमच्या हातात जे रोज आहे, समजा पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर, विंडोजचं ग्रुप पॉलिसी किंवा व्हीएमवेअर, त्याचा एक टॅग निवडा. उत्तर न मिळालेले प्रश्न गाळून घ्या. आपल्या टेस्ट मशिनवर ती परिस्थिती उभी करा आणि खरोखर चालवून बघितल्यावरच लिहा. उत्तरात नुसती लिंक नको, ती उद्या मरते. काय करायचं आणि ते का चालतं, दोन्ही लिहा. कुठल्या व्हर्जनवर तपासलं तेही लिहा.

एआयकडून उत्तर तयार करून इथे चिकटवू नका. स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२ मध्येच त्यावर बंदी घातली, कारण अशी उत्तरं वाचायला खरी वाटतात पण पुष्कळदा चुकीची असतात, आणि ती तपासण्याचं ओझं पुन्हा त्याच फुकट काम करणाऱ्या लोकांवर पडतं. चॅटबॉटने सांगितलेली कमांड तुमच्या टेस्ट मशिनवर चालवून बघितलेली असतेच असं नाही. तुम्हाला ती चालवून बघता येते. आज सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाच्या उत्तराला किंमत आहे ती याचसाठी.

लिहायला अजून धीर होत नसेल तर एडिट सुचवण्यापासून सुरुवात करा. कुणाच्या तरी प्रश्नात लॉग एका लांबलचक ओळीत कोंबलेला असतो, त्याला बॅकटिक लावा. टॅग चुकलाय, तो बदला. शीर्षकात नुसतं 'एरर' आहे, तिथे खरी एरर घाला. सुचवलेला बदल मान्य झाला की २ गुण मिळतात. पण त्याहून कामाचं म्हणजे असे दहा-वीस प्रश्न दुरुस्त केलेत की आपल्या प्रश्नात काय राहून जातं ते डोळ्यांना दिसायला लागतं, आणि ऑफिसातली तक्रारींची तिकिटंही तुम्ही वेगळ्या पद्धतीने लिहायला लागता.